जिभेखालचा पडदा आणि आजीची नजर

घरात तान्हे बाळ आले की त्याच्या रडण्याचे निदान प्रत्येकाच्या ओठांवर तयार असते. कोणी पोटदुखी म्हणते, कोणी दृष्ट, आणि बहुतेक जण हलक्या आवाजात म्हणतात, "आईला दूधच कमी आहे." या शेवटच्या वाक्याने बाळंतिणीच्या मनावर जो घाव बसतो, तो आपल्या पिढीतील स्त्रियांना ठाऊक आहे. अलीकडे या निदानांत 'टंग टाय' या शब्दाची भर पडली आहे. आपण त्याला जीभ चिकटलेली असणे म्हणतो. माझ्या दोन नातवंडांच्या वेळी या शब्दाशी माझा जवळून परिचय झाला. एकाच घरातल्या त्या दोन बाळांबाबत दोन वेगळे निर्णय झाले आणि दोन्ही योग्य ठरले, म्हणून आपल्याशी हे बोलावेसे वाटते.

प्रथम हे समजून घेऊ या, की जिभेखालचा पातळ पडदा हा काही दोष नव्हे. आरशासमोर उभे राहून जीभ टाळूला लावा, आपल्यालाही तो दिसेल. काही बाळांमध्ये मात्र तो आखूड वा जाड असतो, किंवा जिभेच्या अगदी टोकाशी जोडलेला असतो. असे बाळ रडताना जीभ उचलू लागले की टोक मध्यभागी खचते आणि जिभेला पत्त्यांतील बदामासारखा आकार येतो. हे पुष्कळदा घराण्यात चालत येते आणि मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळते.

अंगावर पिताना बाळाची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे येते, स्तनाला खालून आधार देते आणि मग खाली जाऊन दूध ओढते. जीभ पुढे येऊच शकली नाही, तर पकड हिरड्यांवर येते. त्यामुळे आईला असह्य वेदना होतात, स्तनाग्रांना चिरा पडतात आणि बाळाला पुरेसे दूध मिळत नाही. दूध पुरेसे ओढले गेले नाही की ते हळूहळू कमी होते. म्हणजे 'दूध कमी आहे' हे कित्येकदा दुखण्याचे कारण नसून परिणाम असतो. अशा वेळी आळिवाची खीर कितीही प्रेमाने दिली, तरी तिने पकड सुधारत नाही.

माझ्या लेकीची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या जिभेखालचा पडदा सहज दिसत होता. लेकीच्या डोळ्यांत पाजताना पाणी येई. 'कापून टाका म्हणजे सुटाल' असा सल्ला चारी बाजूंनी आला. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी जीभ तपासली. ती खालच्या ओठापर्यंत येते का, रडताना तोंडाच्या मध्यापर्यंत उचलली जाते का, बोट चोखताना तिची हालचाल कशी होते, हे पाहिले. जीभ बरीच मोकळी होती. मग त्यांनी लेकीला त्यांच्यासमोरच पाजायला सांगितले, आणि अर्धा तास त्या नुसत्या पाहत राहिल्या.

दोष पडद्यात नव्हता, बाळाला धरण्याच्या पद्धतीत होता. बाळाचे कान, खांदा व कंबर एका रेषेत हवी, त्याचे पोट आईच्या पोटाला टेकलेले हवे, तोंड मोठे उघडल्यावरच त्याला जवळ घ्यावे, हनुवटी स्तनाला लागावी, आणि नुसते स्तनाग्र न देता भोवतालचा काळसर भागही तोंडात जावा, एवढेच त्यांनी शिकवले. तीन-चार दिवसांत दुखणे ओसरले, आठवड्याने वजनकाटाही हसला. तो पडदा आजही तिच्या जिभेखाली आहे. ती सहा वर्षांची आहे आणि तिची बडबड थांबवणे हेच आम्हाला अवघड जाते.

सूनबाईंच्या माहेरी करणारे कोणी नसल्याने नातवाच्या वेळचे बाळंतपण आमच्याकडेच झाले. त्याचा पडदा जाड होता, अगदी टोकाशी जोडलेला. जीभ हिरडीच्या पुढे येतच नसे. पिताना टकटक आवाज येई, ओठांच्या कडेने दूध ओघळे, तासभर पिऊनही तो उपाशीच राही. धरण्याची पद्धत दोनदा सुधारून पाहिली. दरम्यान सूनबाई दूध काढून ठेवीत आणि मी ते वाटी-चमच्याने पाजी, म्हणजे बाळाची भूकही भागे आणि आईचे दूधही टिके. तरीही तिसऱ्या आठवड्यात त्याचे वजन जन्माच्या वजनाइतके झाले नाही. तेव्हा डॉक्टरांनी पडदा मोकळा करण्याचे सुचवले.

घरात कोणाला रक्तस्रावाचा आजार आहे का, जन्मतः व्हिटॅमिन के चे इंजेक्शन दिले होते का, हे विचारून मग दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाचे डोके स्थिर धरण्यात आले. बोथट टोकाच्या कात्रीने काम काही सेकंदांत झाले. रक्ताचे दोन-चार थेंब आले आणि लगेच त्याला आईजवळ दिले. सूनबाईंचे दुखणे त्याच दिवशी कमी झाले. बाळाला नव्याने प्यायला शिकण्यास मात्र आठवडा लागला. जिभेखाली पांढरट डाग दिसला तर घाबरू नका. तो पू नसतो, जखम भरून येत असल्याची खूण असते.

या विषयावरील पाच लहान अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात 302 बाळे होती. पडदा कापल्याने आईच्या वेदना काही काळ कमी झाल्या, पण बाळाच्या पिण्यात सुधारणा सर्वत्र सारखी आढळली नाही. म्हणून पडदा दिसला की कापा, हे जसे बरोबर नाही, तसेच काहीही झाले तरी कापू नका, हेही बरोबर नाही. पुढे बोबडे बोलेल या भीतीने तान्हेपणी कापण्यास भक्कम आधार नाही. लेसरने केलेले काम कात्रीपेक्षा सरस असल्याचेही सिद्ध झालेले नाही. आणि घरी नखाने वा ब्लेडने हा उद्योग कोणी करू पाहील, तर त्याचा हात धरा. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची गाठ तान्ह्या जिवाशी असते.

आपण आजी-आजोबांनी काय करावे? एक वही ठेवावी. पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते का, निदान सहा दुपटी लघवीने ओली होतात का, दोन आठवड्यांत जन्माचे वजन परत आले का, हे लिहावे. बाळ पिण्यासाठीही जागे होत नसेल, लघवी कमी झाली असेल, कावीळ वाढत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वर्षाच्या आत मध चाटवू नये आणि सहा महिन्यांपर्यंत पाणी वा घुटीही देऊ नये.

आणि बाळंतीण कळवळली, तर तिला सोसायला सांगू नये. पाजताना सतत दुखणे ही स्त्रीजन्माची रीत नव्हे. ती तपासून घेण्याची तक्रार आहे, आणि ती डॉक्टरांपर्यंत नेणारा आवाज पुष्कळदा घरातल्या वडीलधाऱ्यांचाच असतो.