संत्र्याची कोंबडी

आमच्या आळंदला कोंबडी म्हणजे काळा मसाला, सुकं खोबरं आणि वर तेलाचा तवंग. तीत संत्रं पिळा असं कुणी सुचवलं असतं तर त्याला पंक्तीतून उठवला असता. पण धाकटी लेक हैदराबादला नोकरीला लागली आणि तिथल्या हॉटेलांच्या डब्यांतून हा पदार्थ तिच्या तोंडी बसला. तळलेले तुकडे आणि त्यांवर संत्र्याच्या रसाचा आंबटगोड, चकचकीत लेप. गेल्या जानेवारीत ती शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. त्याआधी, डिसेंबरात घरी आली तेव्हा म्हणाली, "अप्पा, एवढं एक घरी करून बघू या. तिकडं रोज विकत घेणं परवडायचं नाही."

आईच्या गळ्यात माळ आहे. तेव्हा कोंबडी शिजायची ती अंगणातल्या शेगडीवर आणि शिजवायची मी, ही घरची जुनी वाटणी. आईचं वय ब्याऐंशी. नात परदेशी जाणार हे कळल्यापासून आठ दिवस तिने पोरीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

या पदार्थाला चिनी म्हणतात खरं, पण आज तो ज्या रूपात खातात ते अमेरिकेतलं. तिथल्या पांडा एक्सप्रेस या हॉटेलसाखळीत अँडी काओ या आचाऱ्याने १९८७ साली तो बसवला. मूळ चिनी स्वयंपाकात वाळवलेली साल घालतात, गोड रस नव्हे. आपल्याकडचं मांचुरियनही तसंच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत ते काढलं असं सांगतात; मांचुरियात त्याला कुणी ओळखणार नाही. आम्हा सीमेवरच्यांना यात नवल वाटत नाही. उमरग्यात आमच्या मराठीला कानडी वास येतो आणि कलबुर्गीत आमच्या कानडीला मराठी.

शब्दांचंही तेच. 'नारंग' संस्कृतात, पण त्याचं मूळ द्राविडी असावं असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तिथून तो फारसी, अरबी, स्पॅनिश असा फिरत फ्रेंच-इंग्रजीपर्यंत पोचला आणि वाटेत पहिला 'न' गाळून 'ऑरेंज' झाला. आम्ही बाजारात मात्र 'कित्तळे हण्णू' मागून घरी संत्रीच आणतो. (मास्तरकी सुटत नाही, क्षमा असावी.)

दिवाळीपासून येतो तो आंबिया बहार, जरा आंबट. या कामाला तोच बरा. चार संत्र्यांचा रस काढला. साल किसणीवर अलगद फिरवून वरचा केशरी भाग तेवढा घेतला, कारण खालचा पांढरा भाग कडू आणि वास सगळा सालीतल्या तेलात. दोन चमचे रस बाजूला ठेवून बाकीचा आटवून निम्मा केला. त्यात गूळ, सोया सॉस, अर्ध्या लिंबाचा रस, आलं-लसूण आणि दोन सुक्या ब्याडगी मिरच्या. एकादशी नव्हती, तेव्हा लसणाला हरकत नव्हती. शेवटी चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घातलं. गरम पाण्यात गुठळ्या होतात. उतरवल्यावर कीस आणि राखलेला रस.

हा लेप मी आधी, स्वयंपाकघरातच केला. कोंबडी नंतर अंगणात. अर्धा किलो बिनहाडाचे तुकडे मीठ, मिरपूड, अंडं आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून दोनदा तळायचे. पहिल्यांदा आत शिजतात, दुसऱ्यांदा वरून कुरकुरीत होतात. लेपात घोळवायचे ते पान वाढल्यावर. डब्यात तासभर कोंडले की मऊ पडतात, आणि विकतच्यात हेच होतं.

मी तुकडे तळत असताना पोरगी आत गेली आणि लेपाची वाटी आजीपुढे ठेवून आली.

"ह्यात कोंबडीचं काय नाही न्हवं?"

"नाही आजी, संत्रं आणि गूळ."

आईने ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्यात बुडवला. बराच वेळ चघळला.

"चिंच पाहिजे हुती," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तिकडं चिंच मिळती का गं?"

त्या आठ दिवसांत तिकडचं तिने विचारलेलं हे पहिलं.

"मिळते म्हणे, पण आपल्यासारखी नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतलो तेव्हा आई ओसरीवर बसली होती. मांडीवर सूप, सुपात वर्षाची चिंच, आणि दोघी मिळून चिंचोके काढत होत्या.