रिकामा वाद्यवृंद

मध्यमवर्गीय घरांत मोठ्याने गाण्याला जागा नसते. डोंबिवलीतील ज्या दोन खोल्यांत माझा संसार झाला, तेथे भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजता येत. गायचे ते गुणगुणत, तेही ओट्याशी. पुरुषांची त्यातल्या त्यात सोय होती. लोकलच्या डब्यात भजनी मंडळी टाळ घेऊन बसत आणि मुंबई येईपर्यंत मोकळ्या गळ्याने गात. कल्याणात 1926 पासून गायन समाज आहे. पण तो शिकलेल्या गळ्यांचा. आम्हां न शिकलेल्यांना आवाज मिळाला तो अलीकडे, कराओकेमुळे.

आता ठाण्यापासून कल्याणपर्यंत हौशी गायकांचे गट झाले आहेत. एखादे छोटे सभागृह घ्यायचे, भाडे सर्वांनी वाटून द्यायचे, प्रत्येकाने दोन गाणी म्हणायची. आपली पाळी येईपर्यंत तीन तास बसावे लागते आणि समोरचे श्रोते म्हणजे आपापल्या पाळीची वाट पाहणारे गायकच. तरीही टाळ्या मनापासून पडतात. निवृत्तीनंतर मीही अशाच एका गटात जाऊ लागले.

जपानी भाषेत ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे लघुरूप. कोबे शहरातील इनोउए दाइसुके हे मद्यगृहांत गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत. एका गिऱ्हाइकाने त्यांना सहलीला बोलावले. जाणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी आपली साथ ध्वनिफितीवर भरून दिली. 1971 मध्ये, 100 येनचे नाणे टाकताच साथ वाजू लागेल, असे यंत्र त्यांनी तयार केले. त्याचे पेटंट मात्र घेतले नाही. ते घेतले असते, तर आमच्यासारख्यांपर्यंत ही चैन इतक्या स्वस्तात पोहोचली असती का, असे मनात येते.

माझा मुलगा आणि सून तोक्योतील निशिकासाई भागात राहतात. तेथे भारतीय कुटुंबांची वस्ती बरीच आहे. दोन महिन्यांसाठी मी त्यांच्याकडे गेले होते. सकाळी भाजी चिरताना सवयीने सूर लागे आणि सून आतून म्हणे, “आई, जरा हळू हं, शेजारी तक्रार करतात.” तिचे चूक नव्हते; भिंती पातळ होत्या. तरी ते शब्द बोचत. डोंबिवलीतला ओटा साता समुद्रापलीकडेही माझ्यामागे आला, असे वाटे.

एके दुपारी तीच म्हणाली, “चला आई, आज गायला जाऊ.” स्थानकाजवळच्या एका इमारतीत तिने खोली घेतली. कामाच्या दिवशी, दुपारी दर कमी. रात्री आणि शनिवार-रविवारी जास्त. माणशी अर्ध्या तासाचे पैसे आणि एक पेय घ्यायचेच, एवढीच अट. दोघींचे मिळून दोन कप कॉफीहून फार झाले नाही. खोली आमच्या स्वयंपाकघराएवढी: एक सोफा, एक पडदा, दोन माइक. दार लावले की बाहेरचे काही आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही.

यंत्रात आमच्या ओळखीचे एकही गाणे सापडले नाही. मी मोबाइल टेबलावर ठेवून त्यावर गटातली साथ लावली आणि माइक हातात घेतला. कोणाची पाळी नव्हती, कोणी घड्याळ पाहत नव्हते. पहिल्या कडव्यात आवाज आपोआप दबलेलाच निघाला. दुसऱ्या कडव्यात तो सुटला, आणि माझा मलाच अनोळखी वाटला.

गाणे संपल्यावर सून म्हणाली, “मी येते इथे अधूनमधून. एकटीच.”

“एकटी? गायला?”

“गायला... आणि कधी कधी नुसती बसायला. घरी मोठ्याने रडताही येत नाही, आई.” जपानात एकट्याने कराओकेला जाण्यास ‘हितोकारा’ म्हणतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही, हेही तिने हसत सांगितले. हसण्याची गरज नव्हती. मुलगा रोज रात्री दहाला येतो, हे मी दोन महिने पाहत होते. उरलेल्या वेळी ती काय करते, हे मी विचारले नव्हते. तीही सांगत नव्हती. सासूला असे सांगायचे नसते, असेच तिच्याही घरी शिकवले असणार.

मी माइक तिच्या हातात दिला. तिने तिच्या आईचे आवडते भावगीत लावले. सूर हलत होता. मी मांडीवर ताल धरला. दुसरे कडवे संपता संपता भिंतीवरचा फोन वाजला. वेळ संपायला दहा मिनिटे उरली होती. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि तिने जपानीत आणखी अर्धा तास मागून घेतला.