शून्य आणि काहीच नाही

साखर कारखान्यात सॉफ्टवेअरवाल्याचं काय काम, असं गावी गेलो की हमखास विचारतात. गाव नेवासा तालुक्यात, घरचा ऊस, त्यामुळे विचारणाऱ्याला कारखाना माझ्याहून जास्त माहीत असतो. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण ऊस तोच आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा परिसरात शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून लग्न, घराचा स्लॅब, पोरांची फी, सगळं उसाच्या बिलावर ठरतं.

माझं काम आकडे गोळा करायचं. बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, वाफेचा दाब, मिलमधून निघणाऱ्या मिश्र रसाचा प्रवाह. हे मोजणारी उपकरणं कारखानाभर बसवलेली असतात. त्यांचे आकडे कंट्रोल रूममधल्या पडद्यावर आणणाऱ्या यंत्रणेला स्काडा म्हणतात. कुठल्या उपकरणाला किती सेकंदांनी विचारायचं, आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे मी भरतो.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. बहुतेक उपकरणं मोजमाप विजेच्या प्रवाहातून कळवतात, ४ ते २० मिलिअँपिअर. समजा रसाचा मीटर तासाला ० ते ३०० घनमीटर मोजतो. ४ म्हणजे रस शून्य, २० म्हणजे ३००, मधले १२ आले की १५०. मग सुरुवात ० पासून का नाही? कारण वायर तुटली तरीही ० च येणार. ४ आले तर रस बंद आहे. ० आला तर मीटरच बोलत नाही. त्याआधी हेच संदेश हवेच्या दाबाने जायचे, तेव्हाही मोजपट्टी ३ ते १५ पीएसआय होती. म्हणजे ‘शून्य’ आणि ‘माहीत नाही’ यांची गल्लत होऊ नये, याची काळजी कंप्युटर यायच्या आधीच कुणीतरी घेतली होती.

ती काळजी सॉफ्टवेअरमध्ये सहज हरवते. मॉडबस हा १९७९ सालचा प्रोटोकॉल आजही सर्रास वापरात आहे. त्याच्या एका रजिस्टरमध्ये १६ बिटांचा नुसता आकडा मावतो. तो खरा की खोटा, हे त्यात लिहिलेलं नसतं. वायर तुटली की वरच्या गणिताने पडद्यावर उणे ७५ घनमीटर येतात. ते विचित्र दिसतं, म्हणून कुणीतरी ‘शून्याच्या खाली दाखवू नको’ अशी अट घालतं. झालं, तुटलेली वायर आता बंद पडलेल्या मिलसारखी दिसते.

एका हंगामात अशाच एका कारखान्यात रसाचा मीटर रात्री मधूनच गप्प व्हायचा. मी सिग्नल ३.६ च्या खाली गेला की ‘फॉल्ट’ दाखवायचं आणि ग्राफमध्ये जागा मोकळी सोडायची, असं लावलं होतं. आमच्या ऑफिसातून फोन आला, “रिपोर्टमध्ये खड्डे दिसतायत. शेवटची व्हॅल्यू धरून ठेव ना, ग्राफ सलग येईल.” सेटिंग एका टिकमार्कचं होतं. आमचं शेवटचं पेमेंट त्या रिपोर्टवर अडलेलं होतं.

पण शेवटची व्हॅल्यू २०० असेल आणि मीटर दोन तास गप्प राहिला, तर ४०० घनमीटर न मोजलेला रस हिशेबात मोजलेला म्हणून जमा होतो. त्या वेळात मिल बंद असली, तर तो रस निघालेलाच नसतो. उतारा शेवटी तयार साखरेवर ठरतो हे खरं, पण साखर वाटेत कुठे गेली हे शोधायला रसाचं माप लागतं. ते खोटं असलं की फरक ‘अज्ञात तोटा’ या रकान्यात जातो आणि तिथेच राहतो. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. शंभर टन ऊस घालणाऱ्याला एवढ्याशा फरकाचे ३,४६० रुपये होतात. शंभर टनवाले माझ्या घरात आहेत.

मी खड्डे तसेच ठेवले आणि शिफ्ट केमिस्टना त्यांच्या वेळा काढून दिल्या. सगळे पहाटेचे होते. इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी जंक्शन बॉक्स उघडला, आत दव साचून टर्मिनल गंजलं होतं. दुरुस्ती अर्ध्या तासाची. पेमेंट मात्र तीन आठवडे लांबलं आणि त्यावरून मला ऐकून घ्यावं लागलं.

वडिलांना हे सांगितलं तर त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. “काटा बंद पडला तर गाड्या थांबवतात. अंदाजाने वजन लिहितात का?”

तुमच्या फोनवरही दिवसभर असे आकडे येतात. हवेची प्रत, बसला किती मिनिटं, धरणात किती टक्के पाणी. आकडा कुठल्यातरी मीटरकडून आलेला असतो आणि मीटर कधीही गप्प होऊ शकतो. पावसाळ्यात मी मुळा धरणाचा साठा रोज बघतो. टक्क्याच्या आधी, तो कधी मोजलाय ती वेळ वाचतो.