झरीच्या वाटेवर मापाची सायकल

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की सुमारे वीस किलोमीटरवर झरी येते. दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर आणि थंडीच्या दिवसांत ज्वारी. घाट नाही की मोठा चढ नाही. एस.टी.च्या खिडकीतून पाहणाऱ्याला वाटावे, सायकल चालवायला याहून सोयीचा मुलूख कोणता असेल! पण या मुलखाची खोड खिडकीतून दिसत नाही. ती पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्यालाच कळते.

आम्ही झरीला सायकली बघायला गेलो होतो असे सांगितले तर काही वाचक हसतील. आता घरोघर मोटारसायकली झाल्या, सायकलीचे काय कौतुक? परंतु मोटारसायकल घरात एक असते आणि ती कर्त्या माणसाच्या हाती असते. शाळेत जाणारी मुलगी, दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणारा बाप, सकाळी दूध घालणारा पोऱ्या यांच्या नशिबी अजून सायकलच आहे. आणि ती विकत घेताना आपण रंग पाहतो, किंमत पाहतो, पण चालवणाऱ्याचे अंग पाहत नाही.

पंक्चरच्या दुकानापाशी आम्हाला एक बापलेक भेटले. मुलगी आठवीतली, अंगाने बारीक. सायकल नवी, बावीस इंची. दोन्ही गुडघे फुटलेले. शाळेला पायीच जाते म्हणाली. बापाचे म्हणणे असे, "वाढतं अंग हाय पोरीचं. दरसाली नवी कुठून आणायची? बावीसची घेतली की बारावीपोत्तर कटकट नाही."

या बापाला नावे ठेवायला आमची जीभ धजत नाही. फ्रॉक दोन बोटे मोठा शिवायचा, चप्पल एक नंबर मोठी घ्यायची, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फ्रॉकला दुमड घालता येते, चपलेत कापूस कोंबता येतो. सायकलीला दुमड घालता येत नाही. दुकानातल्या मिस्त्रींनी ते फार सोप्या शब्दांत सांगितले, "दादा, ल्हान सायकल मोठी करता येती. मोठी ल्हान करता येत नाही."

हे कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मुलीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी करा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड वही आडवी धरून सीटवर बसल्यासारखी वर टेकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. हे पायाचे आतले माप. समजा ते ६८ सेंटीमीटर आले. त्याला ०.८८ ने गुणले की साधारण ६० येतात. पायडलच्या दांड्या ज्या आसावर फिरतात, त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढेच अंतर असावे. आता बावीस इंची सायकलीचा सीटखालचा उभा पाइपच ५६ सेंटीमीटरचा. त्यावर स्प्रिंगची सीट अगदी खाली दाबून बसवली तरी आठ-दहा सेंटीमीटर चढतात. म्हणजे त्या पोरीला सीट किमान चार सेंटीमीटर उंच पडते. पाय पोचत नाही, मग कंबर डावी-उजवी हलते आणि सायकल डगमगते. वीस इंचीचा पाइप ५१ सेंटीमीटरचा. तिच्यावर तीच मुलगी आज नीट बसते. पुढे अंग वाढेल तशी सीट वर काढत जायची. पाइपवर खूण असते तिच्या वर मात्र काढू नये. खूण नसेल तर चार बोटे पाइप सांगाड्याच्या आत राहिलाच पाहिजे. एवढ्या वाढीत वीस इंची सायकल बहुतेक मुलींना बारावीपर्यंत पुरते. बापाला हवे होते तेच, फक्त धाकट्या मापातून.

गणित नको असेल तर टाचेची परीक्षा करा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल तळाला न्यावे. पाय सरळ झाला तर सीट बरोबर. चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. उलट, कित्येक मोठी माणसे सीट फार खाली ठेवून, गुडघे फाकवून वर्षानुवर्षे सायकल हाणतात आणि गुडघे दुखतात म्हणून तेल चोळतात. त्यांनी आधी पाना घेऊन सीट वर करून पाहावी. त्याला पैसा लागत नाही.

हौसेच्या खेळातही अंगाचे माप सोडत नाहीत. काश्मीरात गुलमर्गला बर्फावरून घसरण्यासाठी पायांना फळी बांधतात. ती माणसाचे वजन, बुटाची लांबी आणि घसरण्याची तऱ्हा पाहून निवडतात. फळी अरुंद पडली तर बुटाची टोके बर्फात रुततात आणि माणूस आपटतो. आपल्या लेकीला तर रोज शाळेला जायचे आहे.

आता झरीच्या मातीचे. मृगाचा पाऊस पडला की ही माती पिठासारखी मळली जाते. शेतवाटेने चार पावले जावे तो टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये तिचा गोळा बसतो आणि चाक जागीच थांबते. म्हणून इकडे मडगार्ड आणि टायर यांत भरपूर मोकळी जागा असलेली सायकल पाहावी. खोल नक्षीचे जाड टायर मुलांना फार आवडतात, पण ते चिखल जास्त धरून ठेवतात. स्प्रिंगा लावलेल्या स्वस्त सायकलींबद्दल आमचे मत चांगले नाही. वजन वाढते आणि पायाचा जोर स्प्रिंगेत जातो. बाभळीच्या काट्यावर मात्र उपाय जुनाच आहे. टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी घालून घ्यावी.

सपाट मुलखात चढाचे काम वारा करतो. समोरून वारा आला की बारीक अंगाच्या मुलीचे पाय भरून येतात. साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, असा हिशेब सहसा असतो. मोठ्या चाकाची सायकल अशाने पायडलच्या एका फेऱ्यात पाच मीटरच्या वर जाते. मागे २० किंवा २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवून घेतले तर वेग थोडा कमी होतो, पण जोर कमी लागतो. गिअरच्या सायकलीपेक्षा हे स्वस्त, आणि रोज बिघडत नाही.

दुधाच्या कॅन नेणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला जुन्या धाटणीची दांडीची सायकलच बरी. तिच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० आरे असतात, कारण भार मागे पडतो.

मुलींना दांडीची की बिनदांडीची, यावर झरीतही दोन मते ऐकली. बिनदांडीची चढायला-उतरायला सोपी, यात वाद नाही. पण तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याचे उदाहरण लक्षात ठेवावे. तिथे १९९१ नंतर साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत त्या वेळी तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी दांडीच्या सायकली घेतल्या आणि पुढे काहींना त्याच आवडल्या, कारण दांडीवर लेकराला बसवता येते! तेव्हा मिळेल ती चालेल, माप तेवढे जुळावे. मात्र साडी असो की ओढणी, साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला जाळी हवीच.

पैशाचे म्हणाल तर राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले गेले आहे. आधी ते ३५०० रुपये होते, २०२२ मध्ये ५००० करण्यात आले. रक्कम बँक खात्यात येते आणि सायकल घरच्यांनी निवडायची असते. म्हणून दुकानात जाताना मुलीला बरोबर न्यावे. बाप एकटा जाऊन आणतो ती सायकल बहुधा बापाच्या मापाची निघते. आपला तालुका यादीत आहे का आणि यंदा काय सोय आहे, हे मुख्याध्यापकांना विचारावे. खरेदीची पावती जपून ठेवावी, ती शाळेत दाखवावी लागते.

जुनी घ्यायची असेल तर पुढचे चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबरामधून ते सरळ जाते का पाहावे. पुढचा चिमटा वाकलेला असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. पायडल हाताने आडवे हलवून पाहावे, खडखड वाजले तर कॉटर पिन झिजली आहे असे समजावे. ती किरकोळ किमतीत बदलून मिळते.