लादीचा बर्फ आणि कॉइलचा बर्फ

मालवणात बांगडा-सुरमई उतरली की पहिली हाक बर्फाला. लाद्या फोडून पेट्या भरल्या नाहीत तर माल हातचा जातो. मी मात्र रेफ्रिजरेशनचा कारागीर. माझं निम्मं काम बर्फ साचू न देण्याचं.

कारखान्यातली लादी खाऱ्या पाण्याच्या टाकीत बनते. टाकीत गोड्या पाण्याचे डबे सोडलेले, कॉइलमध्ये उकळणारा अमोनिया. खारं पाणी उणे आठ-दहा अंशांवरही वाहतं राहतं ते मिठाच्या जोरावर. डबे काढता-घालता गोडं पाणी सांडतं, खारटपणा उतरतो आणि बर्फ कॉइललाच धरू लागतो. म्हणून घनता मोजत राहायची, मीठ ओतत राहायचं. पोती रिकामी करताना मला शिरोड्याची मिठागरं आणि १९३० चा सत्याग्रह आठवतो. या किनाऱ्यावर मीठ कधी क्षुल्लक नव्हतंच.

शीतगृहात झुंज हवेशी असते. तीस अंश तापमानाच्या, ऐंशी टक्के दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. उणे १८ अंशांच्या खोलीत ती जेमतेम एक ग्रॅम मावते. बाकीची कॉइलच्या पात्यांवर भुसभुशीत होऊन बसते. त्या थरात हवा अडकलेली, त्यामुळे कॉइलवर गोधडी घातल्यासारखं होतं. खोली तापते, कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. तो बर्फ लोखंडाने खरवडणाऱ्याचा हात मी तिथल्या तिथे धरतो. नळीला भोक पडलं तर अमोनिया जिवावर बेततो. कॉम्प्रेसरचा गरम वायू उलटा कॉइलमध्ये सोडून थर वितळवावा, हेच बरं. मात्र ते पाणी बाहेर नेणाऱ्या नळीला हीटर नसेल तर ते वाटेतच पुन्हा गोठतं.

वितळवण्याच्या वेळा घड्याळावर लावून सोडून देणं मला पटत नाही. माल भरताना दार तासभर उघडं राहतं, थर तेव्हाच चढतो; वितळवायचं ते त्यानंतर. पेट्या वाहणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, "दार लावा रे, वारो आत येता!"

दारापेक्षा कपटी वाट भिंतीची. वाफ अडवणारा पडदा आमच्याकडे भिंतीच्या बाहेरच्या, उष्ण बाजूला हवा. तो कुठे फाटला तर ओल थर्माकोलात शिरून आतच गोठते आणि वरून काही कळत नाही. जमिनीखालीही तेच. पावसात जांभ्याच्या मातीत पाणी मुरतं, ते गोठून फुगलं तर फरशी उचलली जाते. म्हणून फरशीखाली हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्या घालाव्या लागतात. बांधतानाच, नंतर नाही.

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत खोल्या रिकाम्या होतात. तेव्हा दारांची रबरं बदलायची, जोड सांधायचे. मग खोली पुन्हा थंड करायची, पण सावकाश. शून्याच्या थोडं वर थांबून काँक्रीटमधली ओल आधी कॉइलवाटे काढून टाकायची आणि त्यानंतरच खाली उतरायचं. ऑगस्टच्या पहिल्या बोटीची घाई मालकाला असते, तरी एवढं मी करवूनच घेतो.