टाका किती खोल

घड्याळाचं वेड मला बरीच वर्षं होतं. किडनीच्या धमनीवर बुलडॉग क्लॅम्प बसला की सिस्टरने वेळ पुकारायची आणि मी गाठ काढून, तळ शिवून २५ मिनिटांच्या आत क्लॅम्प सोडायचा. २०च्या आत सुटला तर नंतर चहा घेताना कुणी आकडा विचारतंय का, याची मी वाट बघायचो. नाही विचारलं तर आपणहून सांगायचो. परिषदांमध्येही आम्ही एकमेकांना याच आकड्यावर जोखत होतो.

आता माझी विद्यार्थिनी रोबोटच्या कन्सोलवर बसते. परवाची गाठ पूर्ण आतली, बाहेरून किडनी गुळगुळीत, अवघडपणा मोजणारा रेनल स्कोअर १०. अल्ट्रासाउंडच्या प्रोबनेच कड आखावी लागली. गाठ निघाल्यावर तळातल्या उघड्या शिरा आणि कॅलिक्स तिने बार्ब्ड धाग्याने शिवले, शेजारची टिश्यू जेमतेम धरत. क्लॅम्प सोडला, गॅसचा दाब उतरवला. कडेने थोडं झिरपत होतं. मी म्हटलं, ''बाहेरचा थर घे.''

''सर, जरा थांबू या? इथे टाका आवळला तर खालच्या आर्क्युएट शिरा दबतील.''

थांबलो. झिरपणं आपोआप बंद झालं.

तेव्हापासून तो न घेतलेला टाका माझ्या डोक्यातून जात नाही. किडनीतल्या धमन्यांना पर्यायी वाट नसते. एक फांदी दबली की तिच्यावर जगणारा भाग गेला. बाहेरच्या थरात हेमोलॉक क्लिप सरकवून आपण ताण देतो, कॅप्सूलला उशीसारखा खड्डा पडतो, आणि रक्त थांबल्याचं समाधान मिळतं. तीन महिन्यांनी सीटी बघावा: गाठीच्या जागेशेजारची चांगली किडनी आक्रसलेली असते. ती घड्याळाने नेली नाही, टाक्याने नेली. पण उथळ टाक्याचीही भीती खरीच. आठ-दहा दिवसांनी लघवीतून रक्त येतं, आत स्यूडोॲन्युरिझम फुटलेला असतो, आणि मध्यरात्री एम्बोलायझेशनसाठी धावाधाव. हिलमच्या, म्हणजे मुख्य शिरा किडनीत शिरतात तिथल्या, गाठीत तर एका बाजूला टाका धरायला कॉर्टेक्सच नसतो, सुईच्या टोकापलीकडे मुख्य शीर असते. आमच्या रोबोटवर हाताला ताण कळत नाही. टिश्यू पांढरी पडायला लागली की डोळ्यांनीच ओळखायचं.

पोट उघडून ऑपरेशन करणारे जुने सर्जन किडनी बर्फात ठेवून शांतपणे शिवायचे. तो निवांतपणा आपण गमावला. गाठ अवघड म्हणून दुर्बिणीतून अख्खी किडनी काढायची आणि छोट्या छेदांचं कौतुक सांगायचं, याचा मला संताप येतो. किडनी वाचणार असेल तर पोट उघडावं, त्यात कसला कमीपणा? लगेच २०११चा ईओआरटीसी चाचणीचा निष्कर्ष पुढे केला जातो, की किडनी राखून आयुष्य वाढलं नाही. ती चाचणी पाच सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींची, दुसरी किडनी धड असलेल्यांची होती. माझ्यासमोर बसलेल्याला अनेकदा जुना मधुमेह असतो. त्याची दुसरी किडनी आज धड आहे, पुढचं कोण सांगणार?

पुढच्या आठवड्यात हिलमचीच गाठ आहे, आणि किडनी एकच. आतला थर ३-० धाग्याने घ्यायचा की ४-०ने, यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.