दुसऱ्यातला ऱ

माझ्या संगणकावर एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या दिवसाची यादी' नावाच्या दोन फाइली एकीखाली एक बसल्या होत्या. एका फोल्डरात एका नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. चष्मा पुसून पाहिला. तरी दोनच.

घरात संगणकही दोन. हॉलच्या कोपऱ्यात माझा डेस्कटॉप आणि बायकोचा जुना लॅपटॉप, जो ओट्यापासून गच्चीपर्यंत कुठेही सापडतो. घर एक, तर फोटो, हिशेब, कागदपत्रंही दोन्हीकडे एकसारखी असावीत, एवढीच माझी अपेक्षा. आठ-नऊ वर्षं ती बाळगून आहे.

सुरुवात पेन ड्राइव्हने केली. जुन्या फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हला विषम सेकंद ठाऊकच नसतात. फाइल शेवटची कधी बदलली, ती वेळ तो दोन-दोन सेकंदांच्या पावलांनी लिहितो. त्याच्या मिनिटात क्षण तीसच. पंधराव्या सेकंदाला जतन केलेलं पत्र त्याच्याकडे सोळाव्या सेकंदाचं होऊन बसतं आणि ताडून पाहणारा प्रोग्रॅम म्हणतो, अरे, हे तर नवं!

मग डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेला. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी संगणक कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जागा व्हायचा. इंटरनेट मिळालं की घड्याळ सुधारे, पण तोवर मी चहाबरोबर जे काही लिहून ठेवलेलं असे, त्यावर तीच पुरातन तारीख. जुन्यावर नवं चढवायचं, एवढंच सिंकला शिकवलेलं. त्याने सकाळच्या मजकुरावर आदल्या रात्रीचा चढवला. त्याची चूक काय म्हणा?

वेळेचं एक वेळ निभावतं. मला खरं हैराण केलं ते 'नसण्या'ने. बायकोने सहलीचे हललेले फोटो एका दुपारी बसून काढून टाकले. रात्री सिंक झालं, सकाळी सगळे परत हजर. फाइल इकडे आहे, तिकडे नाही. मग ती तिकडे पुसली, की तिकडे अजून पोचलीच नाही? मांडणीवर वाटी दिसत नाही, तेवढ्यावरून ती हरवली की घासायला पडली आहे हे कळत नाही, तसंच हे. मागच्या खेपेला दोन्हीकडे काय काय होतं, याची वही ठेवली तरच उलगडा होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांनी उभा केलेला 'युनिसन' अशी वही ठेवतो. माझा प्रोग्रॅम फुकटातला आणि विसराळू होता.

या साऱ्या खटाटोपात एका गोष्टीवर मात्र माझा जीव जडला. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियात 'आरसिंक' लिहिला. सगळी फाइल पाठवायची नाही. तिचे तुकडे पाडून प्रत्येकाची एक बेरीज काढायची आणि नुसत्या बेरजा पाठवायच्या. बेरीज जुळली, तो तुकडा सोडायचा. हा तर आपला ताळा! शाळेत अंकांची बेरीज करून गणित तपासायचो, तो. ताळ्याची एक खोडही त्यांनी हेरली होती. २८ आणि ८२ यांचा ताळा एकच येतो. अंकांची अदलाबदल झाली तर ताळ्याला पत्ता लागत नाही. म्हणून आरसिंकमध्ये चाळण्या दोन: पहिली झटपट आणि ढोबळ, तिच्यातून जो तुकडा जुळलेला निघेल, त्याच्यासाठी दुसरी, बारीक आणि कडक.

पण फाइलच्या नावालाच ठेच लागली तर ताळा काय करणार?

ती ठेच 'ऱ'ची. मराठी माणसाला या ऱचं महत्त्व सांगायला नको. मुलाच्या मुंजीत आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना आगाऊ रक्कम; दोघांत फरक काय तो एवढाच. युनिकोडमध्ये हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, सबंध अक्षर म्हणून. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्त्याचा ठिपका. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, प्रमाणानुसारही दोन्ही एकच. साठवताना मात्र पहिल्याला तीन बाइट लागतात, दुसऱ्याला सहा. माझा डेस्कटॉप नाव जसं टंकलं तसं ठेवतो. बायकोच्या लॅपटॉपची फाइली ठेवायची जुनी पद्धत काटेकोर. ती प्रत्येक ऱ सोडवून र आणि ठिपका वेगळा करून ठेवते. त्यामुळे तिची 'दुसऱ्या दिवसाची यादी' माझ्या डेस्कटॉपला निराळ्याच नावाची वाटली आणि त्याने तिला माझ्या यादीशेजारी पाट मांडून दिला. 'पहिल्या दिवसाची यादी' सुखरूप होती. तिच्यात ऱ नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी सरळ वरची फाइल उघडली.

शनिवारी कार्यालयात मुंज, रविवारी घरी जवळच्यांचं जेवण. एक्कावन्न नावं होती, ती बायकोने आठवडाभर डोकं खाजवून चाळिसांवर आणली होती. घर केवढं! मी वरच्या यादीतल्या सगळ्यांना अगत्याने फोन केले. ती यादी माझी होती, एक्कावन्नांची. आचाऱ्यांना पानांचा आकडा तिने लॅपटॉपवर पाहून सांगितला.

रविवारी सकाळी नऊलाच नाशिकच्या मामी द्राक्षांची पेटी घेऊन दारात. बायकोने आधी मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू फोन केलास म्हणून राहिले हो," मामी मला म्हणाल्या, "नाहीतर कालच निघणार होते."

"बरं केलंत, मामी," बायको म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. उठताना हळूच मला विचारलं, "अरे, मी ते नाव काढलं होतं ना?"

"यादीत होतं."

"कुठल्या?"

मामी एव्हाना पदर खोचून स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांनी मसालेभात पाहिला, मग वळून म्हणाल्या, "पानं किती धरली आहेत गं?"

"चाळीस," बायको म्हणाली.

"एक्कावन्न," मी म्हणालो.